एक लाख खुर्च्यांचं बिल

४ जुलै २०२४ ची संध्याकाळ. टी-२० विश्वचषक जिंकून आलेला भारतीय संघ उघड्या बसमधून मरीन ड्राइव्हवरून वानखेडेकडे निघाला होता आणि समुद्राच्या कडेने माणसांचा दुसरा समुद्र उभा होता. स्टेडियमच्या आत तेहतीसेक हजार माणसं, बाहेर लाखो. बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पाऊस येऊन गेला तरी कुणी जागचं हललं नाही. रात्री गर्दी ओसरली आणि महापालिकेचे सफाई कामगार कामाला लागले. रस्त्यावर चपला-बुटांचे ढीग पडले होते. गर्दीत पायातून निसटलेल्या, जोड हरवलेल्या चपला गाड्या भरभरून उचलून सकाळच्या फेरफटक्याआधी रस्ता साफ करून ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी विधान भवनात मुंबईच्या चार खेळाडूंचा सत्कार झाला. रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघाला राज्याच्या तिजोरीतून ११ कोटी रुपये जाहीर केले. क्रिकेट नियामक मंडळाने त्याआधीच १२५ कोटी जाहीर केले होते, तेव्हा सरकारी पैसा कशासाठी, असं विरोधकांनी विचारलं. पण त्या दिवशीचं दुसरं वाक्य जास्त लांब पल्ल्याचं होतं. मुंबईला आता वानखेडेपेक्षा मोठं, एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम हवं, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले. पुढे मे २०२५ मध्ये वानखेडेतल्या नव्या स्टँडच्या नामकरणाला, मुख्यमंत्री म्हणून, त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रस्ताव द्यावा, सरकार जागा देईल, असं सांगितलं. दरम्यान भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाचं नाव चर्चेत आलं होतं. समृद्धी महामार्ग मुंबईच्या बाजूला जिथे संपतो ते हे गाव. रस्ते विकास महामंडळाची सुमारे ५० एकर जागा. आझाद मैदान २५ एकरांचं आहे, म्हणजे तसली दोन मैदानं मावतील एवढी.

मुंबईला मोठं स्टेडियम मिळालं तर मला आनंदच होईल. तिकिटासाठी रात्र रात्र संगणकापुढे बसून शेवटी ‘सर्व तिकिटं संपली’ हे वाचणारी माणसं माझ्या घरात आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. धंदा म्हणून चालणाऱ्या खेळाला घर बांधून द्यायचं तर त्यात जनतेचा पैसा किती, कोणत्या रूपात, आणि त्याचा हिशेब कुणापुढे? हा प्रश्न अमेरिकेने गेली सत्तर वर्षं सोसला आहे. आपल्याकडे तो अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

वानखेडेची गोष्ट मुंबईकरांना तोंडपाठ आहे, तरी तिच्यातला एक धागा पुन्हा पाहण्यासारखा आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ सालचं, मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. कसोटी सामने तिथे व्हायचे, पण सामना भरवणारी मुंबईची क्रिकेट असोसिएशन तिथे पाहुणी. किती जागा क्लबच्या सभासदांना आणि किती असोसिएशनला, यावरून वर्षानुवर्षं खटके उडायचे. अखेर बॅरिस्टर शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते, त्यांनी स्वतःचं स्टेडियम बांधायचा निश्चय केला. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी ते वर्ष-सव्वा वर्षात उभं केलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर दुसरं स्टेडियम उभं राहिलं, ते मुळात खुर्च्यांच्या वाटपावरून.

मात्र त्या बांधकामात एक गोष्ट फार शहाणपणाची झाली. स्टेडियम चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मध्ये, रुळांना जवळजवळ चिकटून आलं. विरारचा, बोरिवलीचा, अंधेरीचा माणूस लोकलने येतो, सामना बघतो आणि लोकलने परत जातो. त्यासाठी वाहनतळ लागला नाही, नवा उड्डाणपूल लागला नाही, कुणाचं शेत घ्यावं लागलं नाही. सार्वजनिक पैसा खेळाच्या कामी असाही येतो, आणि असा आला की तो वाया जात नाही. सामना असो-नसो, ती रेल्वे रोज धावतेच.

आता अमेरिका.

२८ मार्च १९८४ ची रात्र, बाल्टिमोर शहर. हवेत गारठा, वरून बर्फमिश्रित पाऊस. शहराबाहेरच्या सराव केंद्रात मेफ्लॉवर नावाच्या सामान वाहतूक कंपनीचे ट्रक एकामागून एक येऊन लागले. खेळाडूंची हेल्मेटं, वजनं, कपाटं, कागदपत्रांचे खोके त्यांत भरले गेले आणि उजाडण्याआधी बाल्टिमोर कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ शहर सोडून गेला होता. इंडियानापोलिस शहराने हातात संघ नसतानाच एक मोठं छत असलेलं स्टेडियम बांधून ठेवलं होतं. तिथे तो गेला. मालक रॉबर्ट अर्से यांना रातोरात पळायची घाई होती, कारण सार्वजनिक हितासाठी सक्तीने संपादन करायच्या अधिकारात शहराला हा संघच ताब्यात घेता यावा, असा कायदा मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात येऊ घातला होता. जमिनीचं संपादन आपण जाणतो. एका शहराला आपला खेळाचा संघ त्याच कायद्याने धरून ठेवावासा वाटला, यावरून त्या माणसांचा जीव त्यात किती गुंतला होता ते कळतं.

पुढे बाल्टिमोरने काय केलं? सरकारी खर्चाने नव्या स्टेडियमची तयारी दाखवून दुसऱ्या शहराचा संघ आणला. ६ नोव्हेंबर १९९५ ला क्लीव्हलँड ब्राउन्सचे मालक आर्ट मॉडेल यांनी बाल्टिमोरला जात असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, क्लीव्हलँडमध्ये मतदान होतं. दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवून त्यातून ब्राउन्सचं जुनं स्टेडियम दुरुस्त करायचं की नाही, यावर. संघ जाणार हे माहीत असूनही लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. संघ गेलाच. शहराने भांडून ब्राउन्स हे नाव आणि रंग राखले आणि १९९९ मध्ये त्याच नावाचा नवा संघ नव्या स्टेडियमसह मिळवला. तेही स्टेडियम बहुतांशी जनतेच्याच पैशाचं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी व्यवस्था आहे. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. संघ हवा असलेली शहरं त्याहून जास्त. संघांची संख्या वाढवायची की नाही हे लीग ठरवते, म्हणजे संघांचे मालकच ठरवतात. त्यामुळे एखादं तरी शहर कायम रिकाम्या हाताने ताटकळत असतं आणि ‘आम्ही तिकडे जाऊ’ एवढंच म्हणून मालकाला आपल्या शहराकडून हवं ते मिळवता येतं. १९५३ मध्ये बोस्टनचा ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघ मिल्वॉकीने बांधलेल्या स्टेडियमसाठी तिकडे गेला तेव्हापासून हे सुरू आहे. तेरा हंगाम खेळून तोच संघ मिल्वॉकीही सोडून अटलांटाला गेला.

त्यात कर कायद्याची एक गाठ बसली. अमेरिकेत राज्यं आणि शहरं लोककामांसाठी कर्जरोखे काढतात आणि त्यांच्या व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही. या सवलतीचा फायदा खासगी स्टेडियमांना मिळू नये म्हणून १९८६ च्या करसुधारणेत अट घातली गेली. कर्जाच्या परतफेडीतला १० टक्क्यांहून जास्त वाटा स्टेडियमच्या उत्पन्नातून आला तर सवलत नाही. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. शहरांनी सवलत सोडली नाही, स्टेडियमच्या उत्पन्नाला हात लावायचं सोडलं. तिकिटं, जाहिराती, वाहनतळ यांचा पैसा संघाकडे आणि कर्जाचे हप्ते विक्रीकरातून किंवा हॉटेलांवरच्या करातून, असे करार सर्रास होऊ लागले. इमारत जनतेची, कर्ज जनतेचं, कमाई भाडेकरूची.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण सिनसिनाटीचं. ते शहर ज्या हॅमिल्टन जिल्ह्यात आहे तिथे १९९६ मध्ये मतदान झालं. विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा, त्यातून फुटबॉलच्या बेंगल्स संघाला आणि बेसबॉलच्या रेड्स संघाला एकेक नवं स्टेडियम बांधायचं आणि घरमालकांना मालमत्ता करात सूटही द्यायची. लोकांनी कौल दिला. स्टेडियमं २००० आणि २००३ मध्ये उभी राहिली. पण विक्रीकर अपेक्षेइतका वाढला नाही, आणि २००८ च्या मंदीनंतर खड्डा उघडा पडला. मालमत्ता करातली सूट कापली गेली. जिल्ह्याने आपल्या मालकीचं रुग्णालय विकलं. बेंगल्सशी केलेल्या करारात तर भविष्यात येऊ शकणाऱ्या साधनांची यादी होती. इतर स्टेडियमांत ती आली की जिल्ह्याने स्वखर्चाने पुरवायची, आणि त्या यादीत होलोग्रामने प्रसंग पुन्हा दाखवणारं यंत्रही होतं. करार कुणी लिहिला आणि कुणासाठी लिहिला, हे त्या एका ओळीत दिसतं. इतकं होऊनही २०२५ मध्ये जिल्ह्याने त्याच संघाशी नवा करार केला आणि स्टेडियमच्या नूतनीकरणाचा मोठा वाटा पुन्हा उचलला. संघ जाईल ही भीती तीस वर्षांत जराही कमी झाली नव्हती.

सिअ‍ॅटलचं किंगडोम स्टेडियम मार्च २००० मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याच्या कर्जाचे हप्ते पुढे पंधरा वर्षं चालू होते. मायामीत बेसबॉलच्या मार्लिन्स संघासाठी २०१२ मध्ये उघडलेल्या स्टेडियमचं कर्ज व्याजासकट २ अब्ज डॉलरच्या वर जातं आणि ते फिटायला या शतकाचा मध्य उजाडेल. तिथल्या लोकांनी जिल्ह्याच्या महापौरांना २०११ मध्ये मतदानाने परत बोलावलं. करवाढीइतकाच या स्टेडियम कराराचाही त्यांना राग होता. संघाच्या मालकाने २०१७ मध्ये संघ १.२ अब्ज डॉलरला विकला.

स्टेडियममुळे रोजगार येतो, हॉटेलं भरतात, भोवतालच्या जमिनींचे भाव वाढतात, हे प्रत्येक ठिकाणी सांगितलं जातं. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासात एकाही स्टेडियमने घातलेल्या सरकारी पैशाच्या मानाने पुरेसा परतावा दिल्याचं आढळलं नाही. त्यानंतर झालेल्या डझनावारी अभ्यासांचं म्हणणं तेच. २०१७ मध्ये शिकागो विद्यापीठाने नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारलं तेव्हा पाचांपैकी चारांहून अधिक जणांनी करदात्याचा खर्च फायद्यापेक्षा जास्त असल्याचं मान्य केलं. अर्थतज्ज्ञांचं इतकं एकमत फार थोड्या प्रश्नांवर होतं.

कारण समजायला अवघड नाही. ठाण्यातलं चौघांचं कुटुंब महिन्याला करमणुकीवर जे काही हजार रुपये खर्च करतं, त्यात सामन्याचं तिकीट आलं की त्या महिन्यात नाटक जातं, हॉटेल जातं. पैसा शहरात नव्याने आलेला नसतो, गडकरी रंगायतनच्या खिडकीवरून स्टेडियमच्या खिडकीवर गेलेला असतो. फरक एवढाच की नाटकवाल्याचा, हॉटेलवाल्याचा पैसा गावातच फिरतो. खेळाडूंच्या मानधनाचा आणि मालकांच्या नफ्याचा मोठा भाग बाहेर जातो. शिवाय दिवस मोजा. अमेरिकन फुटबॉलचा संघ वर्षातून आठ-नऊ सामने घरी खेळतो. आयपीएलमधला संघ साखळीत सात. त्यात दोन-चार आंतरराष्ट्रीय सामने धरले तरी एक लाख खुर्च्यांची इमारत वर्षातले साडेतीनशे दिवस रिकामी. मोठ्या मैफली होतात, पण त्याही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रिकाम्या स्टेडियमभोवती दुकानदार दुकान टाकत नाही.

राहतो अभिमान. हा मुद्दा मी हलका मानत नाही. मरीन ड्राइव्हवर त्या संध्याकाळी जे होतं त्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. पण अर्थतज्ज्ञांनी तिचाही अंदाज घ्यायचा प्रयत्न केला आहे. पिट्सबर्गमधला आइस हॉकीचा संघ टिकवायला तुम्ही किती कर जास्त द्याल, असं तिथल्या रहिवाशांना विचारलं गेलं. त्यात सामने कधीच न पाहणारेही होते, संघ आपल्या गावचा म्हणून खूश असणारे. सगळ्यांची बेरीज नव्या स्टेडियमच्या खर्चाच्या जवळपासही गेली नाही. लोकांचं प्रेम खरं आहे. त्या प्रेमापोटी मागितला जाणारा पैसा मात्र त्याच्या कितीतरी पट असतो.

तरी अमेरिकेकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, तिथे लोकांना पुष्कळदा विचारलं जातं. एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सस सिटीच्या जॅक्सन जिल्ह्यात दोन संघांच्या स्टेडियमसाठी विक्रीकर चालू ठेवायचा की नाही यावर मतदान झालं. फुटबॉलचा चीफ्स संघ जेमतेम दोन महिन्यांपूर्वी सुपर बोल जिंकला होता, गाव त्यांच्यासाठी वेडं होतं. तरी ५८ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. संघावर प्रेम आणि करार नामंजूर, या दोन गोष्टी एका मनात नांदू शकतात हे त्यांनी दाखवलं. अर्थात काही आठवड्यांतच पलीकडच्या कॅन्सस राज्याने खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत वाटा उचलणारा कायदा करून संघाला खुणावलं. रोग तोच, पण निदान तो उजेडात तरी असतो.

दुसरी गोष्ट ग्रीन बे गावाची. विस्कॉन्सिन राज्यातल्या या लाखभर वस्तीच्या गावाचा पॅकर्स संघ कुणा धनिकाचा नाही. त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. भागावर लाभांश मिळत नाही, भाग नफ्याने विकता येत नाही. २००० साली तिथल्या जिल्ह्याने मतदान घेऊन अर्धा टक्का विक्रीकर लावला, स्टेडियम सुधारलं आणि कर्ज फिटल्यावर २०१५ मध्ये तो कर बंद केला. संघ पळून जाण्याची भीती नव्हती, कारण संघ गावाचाच होता. आणि ३२ संघांमध्ये जमाखर्च दरवर्षी लोकांपुढे मांडणारा हा एकच संघ. लीगने पुढे नियम करून अशी मालकी इतरांना बंद केली आहे.

आपल्याकडे मुंबई इंडियन्स सुरतेला निघून जाईल अशी धमकी कुणी देत नाही. स्टेडियमसाठी विक्रीकर वाढत नाही, मतदान होत नाही. म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याकडे हा प्रश्नच नाही. पण जनतेचा पैसा आपल्याकडे वेगळ्या वाटांनी जातो. जमिनीच्या भाडेपट्ट्यातून, पोलीस बंदोबस्तातून, पाण्यातून, रस्त्यातून. या वाटांवर पाटी नसते.

सामन्याच्या दिवशी चर्चगेटला उतरा. दुपारपासून लोखंडी अडथळे, दोऱ्या, शिट्ट्या. टीशर्ट आणि झेंडे विकणाऱ्यांना दर पंधरा मिनिटांनी पुढे हाकललं जातं. वाहतूक पोलीस मरीन ड्राइव्हकडच्या गाड्या वळवत असतात. आत गेलात तर बंदोबस्तावरचा शिपाई मैदानाकडे पाठ करून उभा दिसेल. त्याचं काम प्रेक्षकांकडे बघण्याचं. षटकार गेला की आपण चेंडू बघतो, तो आपल्याला बघतो. विकेट पडली हे त्याला आवाजावरून कळतं. सामना संपल्यावर शेवटची लोकल भरून जाईपर्यंत तो तिथेच असतो. त्या दिवशी त्याच्या पोलीस ठाण्यात एक माणूस कमी असतो.

या बंदोबस्ताचे पैसे असोसिएशनने भरायचे असतात. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी मिळवलेल्या माहितीनुसार २०१३ ते २०१८ दरम्यानच्या सामन्यांचे १४ कोटी ८२ लाख रुपये मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे थकले होते. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं गेली. मग जून २०२३ मध्ये शासनाने दरच उतरवले. मुंबईतल्या टी-२० सामन्याचा दर ७० लाखांवरून १० लाखांवर आणला, आणि हे नवे दर २०११ पासून लागू केले. मागच्या तारखेने. ज्या मंडळाने २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले, त्याच्या खेळासाठी. गलगली उच्च न्यायालयात गेले. गरीब वस्त्यांकडून वाढीव पाणीपट्टी घेणारं सरकार श्रीमंत क्रिकेट मंडळाला सूट कशी देतं, अशा आशयाचे प्रश्न न्यायालयाने २०२४ मध्ये विचारले. गणपतीच्या मंडळांना मांडवाच्या खड्ड्याचा दंड भरावा लागतो, हे ज्या मुंबईकराला माहीत आहे त्याला हा निर्णय समजावून सांगणं कठीण आहे.

वानखेडेची जमीन सरकारची. भाडेपट्ट्याची ५० वर्षांची मुदत फेब्रुवारी २०१८ मध्ये संपली. २०१९ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाने सुमारे १२० कोटींच्या थकबाकीची नोटीस काढली. त्या काळातही तिथले सामने नेहमीप्रमाणे होत राहिले. दक्षिण मुंबईतल्या पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूला एवढी मुभा कुणी देईल का?

पाण्याची गोष्ट तर अजून अंगावर येते. एप्रिल २०१६, मराठवाड्यात भीषण दुष्काळ. मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे लातूरला पोहोचली ती १२ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या जनहित याचिकेत मुंबई, पुणे, नागपूर या तिन्ही मैदानांवर मिळून सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा अंदाज होता. त्या पाण्याने लातूर तरलं असतं असं नाही. सामने हलवून दुष्काळ हटणार नाही हे आयोजकांचं म्हणणं गणिताने बरोबर होतं. पण त्या सुनावणीतच सांडपाणी शुद्ध करून मैदानांना वापरण्याची तयारी पुढे आली. कोर्टाने हात धरेपर्यंत ती कुणी केली नव्हती. मला त्या प्रकरणातली हीच बाब मोलाची वाटते. अट घातली की मार्ग निघतो.

पुण्याने एक धडा फुकट दिला आहे, तो आमण्याच्या आधी वाचायला हवा. गहुंजेचं स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने बँकांची कर्जं काढून बांधलं. ते २०१२ मध्ये सुब्रत रॉय सहारा यांच्या नावाने सुरू झालं, पण नावाचे ठरलेले पैसे आले नाहीत आणि वर्षभरातच नाव उतरवावं लागलं. सहाराचा पुणे वॉरियर्स संघ २०१३ मध्ये संपला. रायझिंग पुणे सुपरजायंट दोन हंगाम खेळून गेला. बँकांचे हप्ते थकले आणि पुढे बँकेने स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेण्यापर्यंत वेळ आली. वाईट झालं. पण हा तोटा असोसिएशनचा आणि बँकांचा राहिला. पुण्याच्या किंवा मावळच्या करदात्याच्या पाणीपट्टीत तो आला नाही. धोका जो पत्करतो त्यानेच सोसावा, हे तिथे घडलं. त्याच पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारने बांधलं. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी संघ तिथे भाडेकरू म्हणून खेळला आणि २०१९ मध्ये बंद पडला. संकुल आहे तिथेच आहे, मुलं तिथे धावतात, पोहतात. भाडेकरू गेल्याने मालकाचं काही अडलं नाही, कारण ते एका भाडेकरूच्या मापाने बांधलेलं नव्हतं. गोव्यात फातोर्ड्याचं स्टेडियमही असंच सरकारी आहे. एफसी गोवा तिथे खेळतो, राष्ट्रीय स्पर्धाही तिथे होतात.

उलट बाजूला रायपूर. छत्तीसगड सरकारने राजधानीबाहेर भलंमोठं स्टेडियम बांधलं. डिसेंबर २०२३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना तिथे झाला तेव्हा ३ कोटी १६ लाखांचं वीजबिल थकलेलं होतं, जोडणी कधीच तोडलेली होती आणि प्रकाशझोत जनरेटरवर लावावे लागले. बांधणं हा एकदाचा खर्च असतो, चालवणं रोजचा.

विधान भवनात सत्कार झालेल्या चौघांतला यशस्वी जयस्वाल उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून लहानपणी मुंबईत आला आणि आझाद मैदानावर माळ्यांच्या तंबूत राहून क्रिकेट शिकला. पाणीपुरी विकायला हात लावला. त्याच मैदानावर १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शिल्डमध्ये ६६४ धावांची भागी केली होती. एका वेळी डझनभर सामने, एकाचा मिड-ऑन दुसऱ्याचा थर्ड मॅन, कुणाला तिकीट नाही. मुंबईचं क्रिकेट या सार्वजनिक जमिनीवर घडलं, खुर्च्यांवर नाही. आणि याच मैदानाचा एक भाग मेट्रोच्या कामासाठी वर्षानुवर्षं पत्र्यांआड गेला, खेळपट्ट्या गेल्या, तेव्हा कुठल्याही सभागृहात एक लाखाची घोषणा झाली नाही. राज्यभर तालुका क्रीडासंकुलं आहेत, त्यांतली कितीतरी कुलूपबंद किंवा गवताने भरलेली. खेळावर सरकारने खर्च करू नये असं मी म्हणत नाही. भरपूर करावा. पण जिथे बाजार स्वतःहून जाणार नाही तिथे करावा. आयपीएलच्या दारात बाजार स्वतः रांग लावून उभा आहे.

आमण्याला लोकल जात नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो पूर्ण झाली तरी एका रात्री एक लाख माणसं तिथून घरी पाठवणं हे मोठं सार्वजनिक काम असेल, आणि त्या रस्त्यांचा, पुलांचा, बंदोबस्ताचा खर्च स्टेडियमच्या अंदाजपत्रकात दिसणार नाही. म्हणून जागा देण्याआधी तो दाखवला गेला पाहिजे. जागा द्यायचीच तर बाजारभावाला बांधलेल्या, ठरावीक वर्षांनी वाढणाऱ्या भाड्याने द्यावी, आणि मुदत संपल्यावर ताबा आपोआप सरकारकडे यावा. बांधकामाचं कर्ज असोसिएशनने काढावं, सरकारने हमी देऊ नये. बंदोबस्ताचा पूर्ण खर्च सामन्याआधी जमा व्हावा आणि तो मागच्या तारखेने माफ करण्याचा अधिकार करारातच नाकारावा. मैदानाला पाणी शुद्ध केलेल्या सांडपाण्याचंच असावं. ज्या साडेतीनशे दिवशी सामना नाही त्यांतल्या ठरलेल्या दिवशी भिवंडी, शहापूर, कल्याणच्या शाळांना सरावाची मैदानं मोकळी असावीत. आणि हा करार मंत्रालयातल्या फायलीत न राहता विधिमंडळाच्या पटलावर यावा, त्यावर चर्चा व्हावी, दरवर्षीचा जमाखर्च प्रसिद्ध व्हावा, जसा ग्रीन बेचा होतो.

मुंबईच्या असोसिएशनची स्थापना १९३० ची. शताब्दीला नव्या मैदानावर पहिला सामना व्हावा ही इच्छा कुणालाही समजेल. पण हॅमिल्टन जिल्ह्याच्या करारात होलोग्रामची ती ओळ सहीआधी कुणी अडवली नव्हती. आमण्याचा मसुदा अजून लिहायचा आहे. तो लिहिला जात असताना भिवंडीच्या आमदाराने, ठाण्याच्या वकिलाने, एखाद्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाने तो मागवून ओळ न् ओळ वाचावा, आणि सहीआधी आपल्या हरकती लेखी नोंदवाव्यात.